विनातिकीट प्रवासाचा दंड

आगगाडीच्या डब्यात तिकीट तपासनीस शिरला की प्रवाशांचे हात आपोआप खिशाकडे वळतात. ज्यांच्यापाशी तिकीट असते ते निर्धास्त असतात. ज्यांच्यापाशी ते नसते, त्यांच्यात मात्र दोन प्रकारची माणसे आढळतात. एकाने भाडे बुडविण्याचा निश्चय घरूनच केलेला असतो. दुसऱ्याचे तिकीट घाईने, गर्दीने अथवा अज्ञानाने राहून गेलेले असते. भय दोघांनाही सारखेच वाटते. परंतु कायदा दोघांना एका तराजूत तोलीत नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे प्रामाणिक मनुष्यही अशा वेळी लबाडासारखा वागू लागतो. तो शौचकूपात दडतो, खोटे नाव सांगतो, क्वचित चालत्या गाडीतून उलट्या बाजूस उडी टाकतो. शेदोनशे रुपयांच्या भीतीपायी जिवाचे मोल देण्याचा हा व्यवहार होय.

लबाडी आणि चूक यांतील हा भेद फार जुना आहे. 1890 च्या रेल्वे कायद्यात त्यासाठी 112 आणि 113 अशी दोन निराळी कलमे होती. त्या कायद्याची जागा 1989 च्या कायद्याने घेतली, तेव्हा तीच विभागणी 137 आणि 138 या कलमांत उतरली. कलम 137 फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासाचे आहे. हेतू सिद्ध झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. आणि विशेष कारण नसल्यास दंड पाचशेहून कमी असू नये, असेही म्हटले आहे. कलम 138 मध्ये हेतूचा प्रश्नच येत नाही. तिकीट दाखविता आले नाही, तर भाडे आणि त्यावर जादा आकार द्यावा, एवढेच ते सांगते. चूक अनवधानाने झाली म्हणून हा आकार टळत नाही हे खरे. परंतु तो भरणारा मनुष्य गुन्हेगार ठरत नाही, हेही तितकेच खरे.

हा हिशेब कसा होतो ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, हुबळीहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत खानापुरास एक विद्यार्थिनी चढली. तिकिटाच्या खिडकीशी रांग मोठी होती, गाडी सुटत होती, आणि ती तशीच आत शिरली. बेळगावास तिला तिकीट विचारण्यात आले. तिने खानापुरापासूनचे भाडे द्यावयाचे, आणि त्यावर तितकाच जादा आकार. परंतु हा आकार 2004 च्या दुरुस्तीनुसार किमान 250 रुपये असतो. भाडे 30 रुपये धरले तर एकूण 280 रुपये होतात. भाडे 400 रुपये असते तर 800 रुपये झाले असते. मात्र ती कोठे चढली याविषयी शंका उरली, तर भाडे गाडी जेथून निघाली त्या हुबळीपासून मोजले जाते. मध्यंतरी, समजा लोंढ्यास, गाडीतील तिकिटे तपासली गेली असतील, तर ते लोंढ्यापासून मोजले जाते. म्हणूनच “साहेब, मी खानापूरला चढले; तिकीट काढायला वेळ मिळाला नाही,” हे सरळ वाक्य पहिल्याच क्षणी बोलणे हिताचे असते. सहप्रवाशांनी त्यास दुजोरा दिला, तर शंकेला जागा उरत नाही.

याहून चांगला मार्गही कायद्याने ठेविला आहे. अधिकृत रेल्वे सेवकास आधी भेटून परवानगी घेतली आणि तसा दाखला मिळविला, तर केवळ भाडे द्यावे लागते. जादा आकार पडत नाही. पूर्वी लोक गार्डकडे जाऊन हा दाखला घेत. 2022 पासून त्या गार्डला ट्रेन मॅनेजर हे नाव मिळाले आहे. तपासनीस आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहणे आणि आपण होऊन त्याच्याकडे जाणे, या दोहोंत एवढे अंतर आहे.

खिशात तिकीट असूनही दोष लागू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंटरनेटवरून काढलेल्या आरक्षित तिकिटावर सर्वच प्रवासी प्रतीक्षा यादीत राहिले, तर यादी तयार होताच ते तिकीट आपोआप रद्द होते. ते दाखवून गाडीत बसणारा विनातिकीटच समजला जातो. अशा तिकिटासोबत एका प्रवाशाचे तरी मूळ ओळखपत्र जवळ असावे लागते. खालच्या वर्गाचे तिकीट घेऊन वरच्या वर्गात बसल्यास भाड्यातील फरक आणि जादा आकार द्यावा लागतो.

पैसे देताना पावती घ्यावी. पावती नसेल, तर ती रक्कम रेल्वेच्या तिजोरीत गेली असे कोणी म्हणू शकणार नाही. पावतीवरील तारीख, गाडी, कोठून कोठपर्यंत, भाडे किती आणि जादा आकार किती, हे तेथल्या तेथे वाचावे. आकारणी चुकीची वाटल्यास डब्यात हुज्जत घालण्यात अर्थ नाही. रक्कम भरून मूळ तिकीट व पावती जपावी आणि नंतर रेल्वेकडे लेखी दाद मागावी. 139 या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. कोणत्याही कबुलीजबाबावर वाचल्यावाचून सही करू नये. कारण “फसविण्याच्या हेतूने” हे शब्द मान्य केले, की कलम 138 ची बाब कलम 137 मध्ये जाऊन बसते.

आणि पैसेच नसतील तर? रक्कम न दिल्यास रेल्वे दंडाधिकाऱ्याकडे वसुली मागू शकते, आणि तीही न भरल्यास दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैदेचा आदेश होऊ शकतो. प्रवाशाला गाडीतून उतरविताही येते. परंतु पुरुष प्रवासी सोबत नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला वाटेल त्या आडस्थानकावर उतरविता येत नाही. प्रवास जेथे सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक अथवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, एवढ्याच जागी आणि तेही दिवसा, असे कलम 139 सांगते. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना विनामूल्य वकील मिळू शकतो.

रेल्वेचे भाडे बुडविणारा मनुष्य कोणा परक्या धनिकाचे नव्हे, तर शेजारी बसलेल्या तिकीटधारकाचेच पैसे बुडवितो. त्याला शिक्षा व्हावी हे योग्यच होय. परंतु चुकलेल्याने स्वतःला चोर समजून तोंड लपविण्याचे कारण नाही. मुलांना एकट्याने प्रवासास धाडताना वडील माणसे तिकिटाचे पैसे मोजून देतात. त्याच वेळी एवढेही सांगावे की, तिकीट राहून गेलेच तर पळू नये, खरे सांगावे, रक्कम भरावी आणि पावती घेऊन घरी यावे. पैसे गेले तरी चालतील. मूल सुखरूप घरी आले पाहिजे.