जेनिफर आपली कोण लागते?

(विद्यार्थ्यांच्या एका वाचनवर्गात केलेल्या मांडणीचं शब्दांकन)



तुमच्यापैकी जे सीबीएसईतून बारावी झाले, त्यांनी 'फ्लेमिंगो' या इंग्रजीच्या पुस्तकात एड्रियन रिच यांची 'आंट जेनिफर्स टायगर्स' ही कविता वाचली असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कविता बारा ओळींची आहे. जेनिफर नावाची बाई लोकरीच्या भरतकामात वाघ काढते. वाघ देखणे आहेत, झाडाखालच्या पुरुषांना ते घाबरत नाहीत. जेनिफरला मात्र हस्तिदंताची सुईसुद्धा ओढवत नाही, कारण बोटात नवऱ्याची लग्नाची अंगठी आहे आणि ती जड आहे. ती मरेल तेव्हाही अंगठी हातातच असेल. वाघ मात्र तसेच ऐटीत चालत राहतील.

गाइडमधलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. अंगठी म्हणजे पुरुषी वर्चस्व, वाघ म्हणजे स्वातंत्र्य, भरतकाम म्हणजे सर्जनशील सुटका. परीक्षेपुरतं हे चालतं. पण मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. प्रतीकं उलगडून झाली तरी माझे रुक्ष प्रश्न शिल्लक राहतात: घर कुणाचं, नातं काय, कामाचे पैसे कुणाला?

आधी नातं घेऊ. इंग्रजीत 'आंट' म्हटलं की भागतं. मराठीत भागत नाही, आपल्याला ठरवावं लागतं. ही आत्या, मावशी, मामी की काकू?

समजा, ती आत्या आहे. म्हणजे आपल्या घरची लेक, परक्या घरी दिलेली. अंगठी घालणारा माणूस त्या घरचा. मग आपलं रडणं सोपं होतं. 'आमच्या आत्याचे फार हाल झाले हो,' असं म्हणून आपण मोकळे. मावशीचंही तेच. पण ती काकू असेल तर? मग ती दुसऱ्या घरून आपल्या घरात आलेली बाई आहे आणि तिच्या बोटातली अंगठी आपल्या काकांनी घातलेली आहे. म्हणजे ज्यांनी आपल्या कॉलेजची फी भरली, जयंतीच्या मिरवणुकीत ज्यांनी आपल्याला खांद्यावर घेतलं, ते काका. आणि काकूच्या हातची भाकरी खाऊनच आपण शिकलो.

मी ही कविता काकूची म्हणून वाचते. बायांचं दुःख आपण नेहमी आत्याच्या घरी शोधतो, काकूच्या चुलीपाशी शोधत नाही. चळवळीतल्या घरांतही नाही.

कवितेतला हा काका काहीच करत नाही, हेही बघा. मारत नाही, ओरडत नाही, समोर येतसुद्धा नाही. बाईला निदान नाव आहे, त्याला तेही नाही. नुसत्या नात्याच्या जोरावर त्याची सत्ता चालते.

ती अंगठी त्यानं एकट्यानं घडवलेली नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातींच्या उगमावर निबंध वाचला. जातीचा कणा म्हणजे अंतर्विवाह, जातीतल्या जातीत लग्न, आणि तो टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह वापरले गेले, असं त्यांनी मांडलं. म्हणजे आपल्याकडे लग्न हा दोन माणसांपुरता मामला कधीच नव्हता. बाईच्या हातावर जातीची राखण ठेवलेली असते. नवरा स्वभावानं चांगला निघाला, तरी ते ओझं उतरत नाही.

आता खुद्द रिच. ही कविता त्यांच्या पहिल्या संग्रहात, १९५१ मध्ये आली. त्याच वर्षी त्या पदवीधर झाल्या. लग्न अजून व्हायचं होतं. वीस वर्षांनी एका निबंधात त्यांनी प्रांजळपणे लिहिलं, की ती बाई त्यांनी मुद्दाम दूरची, मागच्या पिढीतली केली होती. तेव्हाची रेखीव रचना त्यांना आगीत हात घालताना चढवलेल्या हातमोज्यांसारखी वाटत होती, कारण विषय उघड्या हातांनी उचलवत नव्हता. १९५३ मध्ये लग्न झालं, तिशीपर्यंत तीन मुलगे. मग १९६३ च्या संग्रहाचं नाव आलं 'स्नॅपशॉट्स ऑफ अ डॉटर-इन-लॉ'. आंटची सून झाली, घर जवळ आलं. तरी 'मी' म्हणायला त्यांची जीभ अजून रेटत नव्हती, तिथेही बाई 'ती'च राहिली, हेही त्यांनीच सांगितलंय. एवढी शिकलेली, नावाजलेली गोरी कवयित्री आणि तिला स्वतःच्या लग्नाबद्दल 'मी' म्हणायला इतकी वर्षं लागली.

दुसरा प्रश्न हातातल्या कामाचा. जेनिफरची सुई हस्तिदंताची आहे. लोकर आहे, फुरसत आहे आणि वाघ कुणाला विकायचे नाहीत. म्हणून ते तिच्यामागे उरतात.

अमेरिकेतच दुसऱ्या एका बाईच्या हातात सुई होती. हॅरिएट पॉवर्स. १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मल्या. बायबलमधल्या गोष्टी कापडाच्या तुकड्यांनी जोडून त्यांनी एक गोधडी शिवली आणि १८८६ मध्ये अथेन्स गावातल्या कापूस प्रदर्शनात मांडली. एका गोऱ्या कलाशिक्षिकेनं ती मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. काही वर्षांनी हात आखडला तेव्हा त्या स्वतःच गोधडी घेऊन गेल्या. दहा डॉलर मागितले, समोरून पाचच मिळणार होते. बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलल्या. दिवस कठीण आहेत, घे, असं तो म्हणाला. पाच डॉलरला गोधडी गेली. पुढे त्या अनेकदा ती नुसती बघायला जात. आज ती स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. जेनिफरचे वाघ कवितेत तरी सुटले. पॉवर्स यांना आपलीच चित्रं दुसऱ्याच्या घरी जाऊन बघावी लागली. सर्जनशील सुटका हे शब्द मला इथे अडतात.

उर्मिला पवार यांचं 'आयदान' (२००३) तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलंय. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं वगैरे. कोकणात वडील वारल्यावर त्यांच्या आईनं आयदानं विणून मुलं वाढवली. ते विणकाम छंद नव्हतं, रात्रीच्या जेवणाचा बंदोबस्त होता. आयदानं बाजारात गेली, कुठल्या संग्रहालयात उरली नाहीत. पण आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच आहे, असं लेक सांगते. आणि त्याच पुस्तकात ती स्वतःच्या संसाराबद्दल, एमए करताना आणि चळवळीत फिरताना घरातून झालेल्या विरोधाबद्दल थेट 'मी' म्हणून लिहिते. हातमोजे नाहीत. नवरा समाजातलाच, म्हणून झाकून ठेवलेलंही नाही. आपल्या माणसांची बदनामी करू नका, हे वाक्य ऐकत आलेल्या बायकांसाठी त्या 'मी'ची किंमत फार मोठी आहे.

एक शेवटची कविता. लग्नाबद्दलची नव्हे, भर लग्नातच म्हणायची. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक लग्नविधीसाठी मंगलाष्टकं रचली, १८८७ ची पुस्तिका आहे. त्यात वधू-वर एकमेकांना उत्तरं देतात. वधू सगळ्या मांडवासमोर म्हणते, की आम्हा बायांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा स्त्रीचा हक्क देशील याची शपथ घे. जेनिफरचा प्रतिकार तिच्या मरणानंतर दिसतो. इथे अक्षता पडायच्या आधी तोंडावर मागणी आहे. हे शब्द वधूच्या तोंडी एका पुरुषानं घातले, हे खरंच आहे, आणि आज कुठल्या मांडवात कोणती वधू ते स्वतः, मोठ्यानं म्हणते, हे मला बघायचंय. तुमच्यातल्या काहींच्या घरी निकालाच्या आधीच स्थळं यायला लागली आहेत.

मी थांबते. आता तुम्ही सांगा: तुमच्या घरातली जेनिफर तुमची कोण लागते आणि तिच्या हातची एखादी वस्तू आज कुणाकडे आहे?