मनाला बसलेला धक्का

(चावडीपुढे केलेले भाषण)



अंगाला जखम झाली तर ती दिसते. आपण हळद दाबतो, दवाखान्यात जातो. मनाची जखम दिसत नाही. म्हणून आपण त्या माणसाला हसतो. मीही हसलो आहे. तेच सांगायला आज उभा आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पोचवून लोक नुकते कुठे निजले होते. तेवढ्यात जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात. घरे जाड दगडांची, वर मातीचे माळवद. निजलेली माणसे त्याखाली सापडली. सुमारे १०,००० माणसे गेली.

माझे चुलते त्याच भागातले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना माळवदाखालून जिवंत निघाले. त्यांची धाकटी लेक निघाली नाही.

पुढे नवे घर मिळाले. पण नाना घरात निजेनात. घरात ज्वारीची पोती आणि नाना अंगणात बाजेवर! पाऊस आला तर डोक्यावर घोंगडी घेऊन बसून राहत. रस्त्याने ट्रक धडधडत गेला की ताडकन उठत. झोपेत ओरडत. गणपतीचे ढोल वाजू लागले की शेतात निघून जात. लेकीचे नाव कोणी काढले तर तिथून उठत. मग दारू लागली. म्हणत, "थोडी घेतली की डोळा लागतो रे."

आम्ही काय केले? कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. अंगारा लावला, दोरा बांधला. मी पोरसवदा होतो. "नाना, घराला काय भिता?" म्हणून हसायचो. नाना काही बोलत नसत.

मंडळी, तो भित्रेपणा नव्हता. बाधाही नव्हती. तो आजार होता. डॉक्टर त्याला 'आघातोत्तर तणाव विकार' म्हणतात. नाव जड आहे, पाठ केले नाही तरी चालेल. ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर राखण्या बसवतो. पाखरू आले की तो ओरडतो, गोफण फिरवतो. मनातही असाच एक राखण्या असतो. संकट आले की तो ओरडतो. छाती धडधडते, पाय पळू लागतात. त्यानेच जीव वाचतो. पण फार मोठा धक्का बसला म्हणजे कधी कधी हा राखण्या खुळावतो. पीक निघाले, पाखरे उडाली, तरी तो ओरडतच राहतो. मग माणूस थकणार नाही तर काय?

भूकंपच व्हायला हवा असे नाही. अपघात, आग, पूर, लढाई, बाईवर झालेली जबरदस्ती, घरातली रोजची मारहाण, यांनीही असे होते. लहान पोरांनाही होते. धक्क्यानंतर काही दिवस कोणीही दचकेल, कोणाचीही झोप उडेल. बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. महिना उलटला तरी ओसरले नाही, तर डॉक्टर गाठावा.

नानांना आम्ही फार उशिरा नेले. २००९ साली. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांच्या डॉक्टर बाई होत्या. मला वाटले, सुई देतील. त्यांनी नुसते विचारले, "नाना, झोप कशी लागते?" नाना रडायलाच लागले. सोळा वर्षांत आम्ही कोणी हे विचारले नव्हते.

गोळ्या दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील आणि आपल्या मनाने बंद करू नका, असे बजावले. दारू सोडवली, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्या रात्रीची हकीकत बाईंनी थोडी थोडी करून ऐकली. आणि घराची भीती कशी घालवली, ऐका. आधी आठ दिवस दार उघडे ठेवून नुसते उंबऱ्यावर बसायचे. मग आत बसून चहा प्यायचा. मग दुपारी आत आडवे व्हायचे. छाती धडधडली तरी लगेच पळायचे नाही, थोडे थांबायचे. धडधड आपली आपण उतरते. राखण्याला हळूहळू उमगते, की पाखरे गेली!

घरच्यांनी एवढे करावे. धक्का नुकताच बसला असेल तर "काय झाले, सांग" म्हणून खोदून विचारू नये. जवळ बसावे, चहा-भाकर द्यावी. "विसरून जा" असे तर म्हणूच नये. विसरता आले असते तर तो विसरला नसता का? सरकारचा 'टेली-मानस' फोन आहे, नंबर १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आणि कोणी जीव द्यायची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

नाना आता घरात निजतात. दाराशी, कडी न लावता. अनंत चतुर्दशीची रात्र मात्र जागून काढतात. मी जवळ बसतो. गेल्या खेपेला त्यांनी आपण होऊन लेकीचे नाव घेतले. म्हणाले, "तिला हुरडा लई आवडायचा."