कोसा कोणाचा?

(भिवंडी येथें मागावरील कामगार व आसपासच्या खेड्यांतील शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



भिवंडी म्हणजे मागांचें गांव. सूत, कृत्रिम रेशीम, पॉलिएस्टर, नाना तऱ्हेचा धागा येथें आपल्या हाताखालून जातो. पण एक धागा असा आहे कीं, तो कोणत्याही गिरणींत निघत नाहीं. तो झाडावर होतो. शहापूर-मुरबाडच्या रानांत जो ऐन उभा आहे, त्याच जातीच्या ऐनावर विदर्भांत तो पिकवितात. तिकडे त्याला कोसा म्हणतात, व्यापारी टसर म्हणतात. या कोशाचा धनी कोण, हें आज आपण पाहूं.

आधीं किडा समजून घेऊं. तुतीच्या पानावर वाढणारा रेशमाचा किडा हजारों वर्षें माणसाच्या घरीं राहून इतका परावलंबी झाला कीं, त्याच्या पतंगाला धड उडतां येत नाहीं. टसराचा किडा तसा नव्हे; तो रानचा. मादी दीड-दोनशें अंडीं घालते. आठ-दहा दिवसांनीं अळ्या निघतात, त्या वाढूं लागल्या कीं हिरव्या पानांत सहज दिसूं नयेत अशा हिरव्या होतात. चार वेळां कात टाकून, महिना-सवा महिना पानें खाऊन, अळी आपल्याभोंवतीं टणक कोश करते. थंडीच्या दिवसांत तिला याहून अधिक वेळ लागतो. कोश काटकीला देठानें टांगलेला असतो, आणि देठाच्या टोकाला काटकीभोंवतीं पक्कें कडें असतें. पान गळालें तरी कोश पडत नाहीं. आंतून निघणाऱ्या पतंगाच्या प्रत्येक पंखावर कांचेसारखा एकेक डोळा असतो, पण त्याला खाण्याचें तोंड नसतें. अळीपणीं खाल्लें त्यावर तो आठवडाभर जगतो, पुढची पिढी ठेवतो आणि मरतो. आपल्या सह्याद्रींत वीतभर रुंदीचा जो ॲटलास पतंग कधींमधीं दिसतो, तो याच कुळांतला.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हें काम मुख्यतः ढिवर मंडळी करतात. एरवीं मासेमारी करणारे हे लोक पावसाळा लागला कीं ऐनाच्या रानांत मुक्काम करतात. अळ्या झाडांवर चढविल्या कीं रात्रंदिवस राखण. मुंग्या, गांधीलमाशा, पांखरें, सरडे, सगळ्यांनाच अळी गोड लागते. एका झाडाचा पाला संपला कीं अळ्या फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर न्यावयाच्या. पहिलें पीक पावसांत, तें बहुधा बियाण्यासाठीं. दुसरें दिवाळीच्या आगेंमागें, तें विक्रीसाठीं. दोन महिने जागून हातीं काय येईल, याचा भरंवसा नाहीं.

त्यांत पेब्रिन नांवाचा रोग आहे. अळ्या पटापट मरूं लागल्या म्हणजे कोणी देवीचा कोप म्हणतो, कोणी विटाळ म्हणतो, आणि कोंबडें-नारळ होतो. पण हा रोग आईकडून अंड्यांत उतरतो. लुई पाश्चर यानें १८६५ ते १८७० च्या दरम्यान फ्रान्सांत तुतीच्या किड्यांवर याचा शोध लावला, आणि उपायही सांगितला: अंडीं घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासा, तिच्यांत रोगाचे कण दिसले तर तिचीं अंडीं नष्ट करा. हीच रीत टसरालाही लागू आहे. नवसापेक्षां तपासलेलें बियाणें कामास येतें.

कोश हातीं आला म्हणजे धागा झाला असें नाहीं. टणक कोश सोड्याच्या पाण्यांत शिजवून मऊ करावा लागतो. मग बायका मांडीवर धागा वळीत. मांडीची कातडी सोलवटे, आणि मजुरी मात्र तुटपुंजी. आतां धागा काढण्याचीं यंत्रें निघालीं आहेत. तीं जेथें पोंचलीं तेथें हा त्रास वांचला. पुढें आंधळगांव, मोहाडी या बाजूचे कोष्टी त्याच धाग्यावर करवती कांठाचें लुगडें विणतात. करवतीच्या दातांसारखा तो कांठ तीन धोट्यांनीं हातमागावर साधतात. शहरांत त्या लुगड्याला मोठें मोल येतें. पण कोश विकून मोकळा झालेला ढिवर त्या मोलांत कोठें असतो? कोशाचा धागा त्याच्याच गांवांत निघाला, तर चार पैसे त्याच गांवांत राहतील.

आतां मुख्य प्रश्न. ज्या ऐनावर हें सारें उभें आहे, तो ऐन कोणाचा? जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत जंगलखात्यानें रयतेचीं रानें कशीं गिळलीं हें गाऱ्हाणें आहे. १९२७ च्या जंगल कायद्यांत तर रानांतलें रेशीम आणि कोश हेसुद्धां ‘वनोपज’ म्हणून लिहिलेले आहेत. अळी आपली आपण विणते, राखण गरीब करतो, आणि ताबा खात्याचा! २००६ च्या वनहक्क कायद्यानें हें उलटविलें. त्या कायद्यानें टसर व कोश गौण वनोपजांत घालून त्यांची मालकी, गोळा करणें व विकणें हा रानांत राहणाऱ्यांचा हक्क ठरविला.

पण त्यांत एक मेख आहे. महाराष्ट्रांत ढिवर अनुसूचित जमातींत नाहींत. अशा इतर वननिवासींनीं तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. ज्यांच्या आजापणजाला अक्षर शिकूं दिलें नाहीं, त्यांच्याकडे आज कागद मागावयाचा! तरीही हताश होऊं नका. त्याच कायद्याच्या नियमांत दावेदाराखेरीज गांवांतील वडीलधाऱ्यांचें सांगणें लिहून घेतलें तर तोही पुरावा मानला आहे. म्हणून म्हाताऱ्या माणसांचें बोलणें ते आहेत तोंवर लिहून घ्या, आणि दावा ग्रामसभेपुढें ठेवा. आपल्या बाजूच्या खेड्यांतील ज्या कुणबी बांधवांचें पोट रानावर आहे, त्यांनाही हीच अट व हाच उपाय लागू आहे. कातकरी-वारल्यांना तर ती अटही नाहीं.

आणि मागावरच्या बांधवांनीं काय करावें? धागा ओळखावा. टोंक पेटवून पाहा. खरा कोसा केंस जळल्यासारखा वास देतो, आणि त्याची राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कठीण मणी होतो. रेयॉन कागदासारखा जळतो. कृत्रिम कापडास कोसा म्हणून जो विकतो, तो गिऱ्हाइकाला फसवितो, आणि दूर ऐनाखालीं जागणाऱ्या ढिवराच्या तोंडचा घांसही काढतो. पॉलिएस्टर विणण्यांत कमीपणा नाहीं. तें पॉलिएस्टर म्हणूनच विकावें. विणणारा आणि राखणारा दोघेही कष्टकरीच; एकाच्या नांवावर दुसऱ्याची लूट होऊं देऊं नका.