जोडी जमली पाहिजे

राणीसावरगावच्या आमच्या घरी एक जुनी कॅसेट आहे. जात्यावर दळताना अम्मा ओव्या म्हणते आहे, मराठीत. आमच्याकडे जात्याला जात नव्हती. अम्मा आता नाही. तिचा आवाज नीट ऐकावा म्हणून मी व्हॉल्व्हचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि घरातलाच ३२ ओहमचा हेडफोन लावला. ऐकू आली ती जात्याची घरघर. अम्मा तिच्याखाली दबलेली.

मला वाटले, व्हॉल्व्ह गेले. परभणीचा मेकॅनिक म्हणाला, "चाचा, व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत. जोडी जमली नाही."

त्याने समजावले ते असे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध बराच असतो. हेडफोनचा रोध निदान त्याच्या आठपट असावा, असा ढोबळ हिशेब. शिवाय हेडफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. खर्जात तो बहुधा वाढतो. कमी ओहमचा हेडफोन असला, की नेमका तिथेच आवाज फुगतो. ३०० ओहमच्या हेडफोनला हा त्रास फार कमी. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत स्पीकरशी ही जोडी ट्रान्सफॉर्मर जमवून देई.

म्हणून पैसे खर्चण्याआधी ओहम विचारा. आणि पेटी स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत शंभरावर व्होल्ट राहू शकतात.

मेकॅनिकने दुकानातला ३०० ओहमचा हेडफोन लावून दिला. घरघर मागे सरली. ओवी पुढे आली, आणि दोन ओव्यांमधला अम्माचा श्वासही.