बिनघोर कोण?



आमच्या गटाच्या मासिक बैठकीला विषय होता ‘महिला सुरक्षा’. आम्ही एकमेकींना विचारलं, हा शब्द आपण घरात कधी बोलतो गं? कोणीच बोलत नव्हतं. सुरक्षा हा कागदावरचा शब्द. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, जननी सुरक्षा योजना 2005 ची. घरात आपण म्हणतो जपून जा, सुखरूप पोचलो, हरभऱ्याची राखण, रात्रीची जागल. एक इंग्रजी शब्द तेवढा आपल्या मंगळसूत्राला लटकलेला असतो, शेफ्टीपीन! पदर टाचायला तीच, अन् एसटीच्या गर्दीत कोणी मुद्दाम अंगचटीला आला तर टोचायलाही तीच.

राखण हा शब्द शेतातला. रोही येतात, रानडुकरं येतात, म्हणून माणूस रात्रभर जागतो. पिकाला पळता येत नाही, बोलता येत नाही, म्हणून त्याची राखण करायची. पण तीच रीत आपण पोरीला लावतो. ‘पोरीची जात म्हणजे काचेचं भांडं.’ मायबापाची भीती खोटी नाही, हे आम्हीही मानतो. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, एसटीचा भरवसा नाही, रस्त्यावर टवाळ पोरं. पण एसटीची वेळ बदलून मागायला आगारात कोणी जात नाही. टवाळांच्या बापाला कोणी विचारत नाही. बंद होते ती पोरीची शाळा. मग स्थळ येतं, लग्न लागतं, अन् आपण सुटकेचा श्वास टाकून म्हणतो, ‘चला, आता बिनघोर झालो!’

बिनघोर कोण झालं? आपण झालो. पोरगी झाली का, हे तिला कोणी विचारलं? अठरा वर्षांच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे. गावात तो थांबवायची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीच्या ग्रामसेवकावर) आहे, आणि 1098 वर फोन करून कोणीही कळवू शकतं.

आता दुसरा शब्द, औषध. कपाशीवर, सोयाबीनवर जे मारतो त्याला आपण औषध म्हणतो. ‘औषध आणलं का? औषध मारलं का?’ बाळाला खोकला झाला की देतो तेही औषधच. एकाच शब्दात विष अन् दवा. आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी, शेतमजूर दगावले.

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, पिवळा त्याच्याखाली, मग निळा, मग हिरवा. हिरवा पाहिला की आपल्याला वाटतं, याची काही भीती नाही. तसं नाही. हिरवा म्हणजे कमी विषारी, पण विषारीच. पंप पाठीवर असतो गड्याच्या, म्हणून धोकाही त्यालाच, असं आपण धरून चालतो. पण फवाऱ्यासाठी पाणी कोण वाहतं? फवारलेले कपडे कोण धुतं? कालच फवारलेल्या रानात खुरपायला कोण जातं? आपणच. तर ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा. रिकामा डबा पाण्याला, धान्याला वापरू नका. डोकं गरगरलं, मळमळलं, डोळ्यांपुढे धूसर दिसलं, तर लिंबूपाणी देत बसू नका. दवाखाना गाठा, आणि डबा किंवा त्याच्यावरचा कागद सोबत न्या, म्हणजे कोणतं विष आहे ते डॉक्टरला कळतं. आम्ही तर गटात ठरवलंय, यापुढे त्याला फवाऱ्याचं विषच म्हणायचं. गडीमाणसं हसतात. हसू द्या.

राहिला घरातला मार. त्याच्यासाठीही आपल्याकडे शब्द तयार आहेत. ‘घरातली गोष्ट घरातच राहू दे’, ‘भांड्याला भांडं लागायचंच’. फारच झालं तर, ‘चार दिवस माहेरी जा, तिथं सुखरूप राहशील.’ म्हणजे मार खाल्ला तिनं, अन् घर सोडायचं तेही तिनंच. मारणारा आपल्या ओट्यावर निवांत बसलेला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्यात गोष्ट उलटी आहे. ज्या घरात ती राहते तिथं राहायचा तिचा हक्क आहे, मग घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या. त्रास देऊ नको असा हुकूम कोर्ट त्याला देऊ शकतं. गरज पडली तर नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं.

अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. आणि जिच्यावर बेततं तिला बाहेर पडता येत नसेल, तर शेजारीणही त्यांना कळवू शकते. चांगल्या हेतूनं कळवणारीवर कायदा काहीही बालंट येऊ देत नाही. रात्री-अपरात्री ओरडा ऐकू आला तर 112. सल्ला, मदत हवी असेल तर 181. दोन्ही नंबर पाठ नसतील, तर दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवा.