खिडकीवरचा निरोप

श्रोतेहो, सोलापुरात चादर घेऊन आपण यूपीआयने पैसे देता. मोबाईल काही बँकेची खातेवही उघडत नाही. ठरल्या नमुन्यात निरोप जातो: कोणाचे, कोणाला, किती. निरोप घेणाऱ्या या खिडकीचे नाव ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस, म्हणजे एपीआय. नाव उगीच बोजड! आतला कारभार कसाही चालो, अर्ज मात्र नमुन्यातच हवा.

उत्तरेही ठरलेली: झाले, नाही झाले, किंवा अजून कळले नाही. घोटाळा होतो तो या तिसऱ्याने. तेव्हा घाईने पुन्हा पैसे पाठवू नका. दुकानदारानेही गिऱ्हाइकाचा मोबाईल पाहून चादर बांधू नये; स्वतःच्या खात्याची पोच येऊ द्यावी. ती आलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने कापलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत.