रूप तेच, द्रव्य निराळे



कावेरीच्या गाळावर वसलेल्या तंजावरात शिशाच्या खनिजांवर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु संग्राहक ज्यास ‘छद्मरूप’ म्हणतात, त्याच्याच जातीचा एक भव्य नमुना आपल्यापासून फार दूर नाही. पेरंबलूर जिल्ह्यात सात्तनूर येथे १८ मीटर लांबीचे वृक्षाचे खोड शिळा होऊन पडले आहे. भूवैज्ञानिक डॉ. एम. एस. कृष्णन यांनी ते १९४० साली उजेडात आणले. लाकूड गेले, त्या जागी कणाकणाने सिलिका आली. आकार मात्र वृक्षाचाच राहिला.

शिशाच्या खाणींच्या वरच्या थरांत हीच क्रिया घडते. गॅलेना हे शिसे व गंधक यांचे संयुग. त्याचे स्फटिक बहुधा घनाकृती असतात. हवा व पावसाचे पाणी पोहोचले, की त्याचे अँग्लेसाइट आणि पुढे सेरुसाइट बनते. क्वचित मूळचा घन जसाच्या तसा उरतो, द्रव्य तेवढे पालटते. कॉर्नवॉलमध्ये व जर्मनीतील काउटेनबाख खाणीत याच्या उलटही घडले: पायरोमॉर्फाइटच्या षट्कोनी कांड्या तशाच राहिल्या आणि आत गॅलेना आले.

म्हणून संग्राहकाने केवळ आकृतीवर विसंबू नये. नमुना न फोडता त्याची जुनी तुटलेली कड पाहावी. गॅलेना तेथे धातूसारखे चमकते, सेरुसाइटची झळाळी हिऱ्याची असते. शिसे विषारी, तेव्हा हात धुवावेत. आणि नमुन्यासोबत चिठ्ठी ठेवावी: पूर्वी काय होते, आता काय आहे, कोठे सापडले. चिठ्ठी हरवली, की उरतो तो नुसता चमत्कारिक दगड.

आपल्या घरची मराठीही अशीच आहे. प्रत्यय मराठी, शब्द पुष्कळदा तमिळ. कोणी तिला अशुद्ध म्हणोत. संग्राहक छद्मरूपास खोटे मानीत नाही, उलट दुहेरी इतिहासामुळे अधिक जपतो. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याची हकीकत १८०३ साली मराठीत शिळेवर कोरली गेली. तिला वेगळी चिठ्ठी नको. परंतु आपल्या पेट्यांतील मोडी कागद, देव्हाऱ्यातील टाक, आजीच्या तोंडचे शब्द यांची चिठ्ठी कोणी लिहिली आहे?

जाणती माणसे आज आपल्यात आहेत. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने त्यांना विचारून निदान एका वस्तूची आणि दहा शब्दांची दोन्ही नावे लिहून ठेवावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.